रस्त्यावर गाणारा भिकारी नव्हे

महाराष्ट्रात रस्त्यावर गाऊन पैसे घेणे हा आजही गुन्हा ठरू शकतो. 1959च्या भीक प्रतिबंधक कायद्याने भीक मागण्याची जी व्याख्या केली आहे ती सार्वजनिक जागी दान मागणे किंवा घेणे एवढ्यावर थांबत नाही. गाण्याच्या, नाचण्याच्या, भविष्य सांगण्याच्या, खेळ करून दाखवण्याच्या किंवा एखादी वस्तू विकायला काढण्याच्या मिषाने पैसे घेतले तरी ती भीकच, असे तिथे स्पष्ट लिहिले आहे. अशा माणसाला पोलिसांनी वॉरंटशिवाय धरावे, भिकारी ठरल्यास त्याला एक ते तीन वर्षे भिक्षेकरी गृहात ठेवावे, वारंवार सापडला तर ही मुदत दहा वर्षांपर्यंत जावी, अशी त्यातली व्यवस्था आहे.

कायदे करणारी माणसे आपल्यातलीच असतात, त्यामुळे दोष एकट्या कायद्याचा नाही. लोकलच्या डब्यात गात येणारा आंधळा गायक, सिग्नलपाशी ढोलकीवर थाप मारणारी पोरे, सकाळी सोसायटीच्या फाटकाशी चिपळ्या वाजवणारा वासुदेव, चौपाटीवर बासऱ्यांचा झुपका काठीला लावून वाजवत फिरणारा पोरगा, या सगळ्यांकडे पाहण्याची आपली सुशिक्षित नजर बहुधा एकच असते: माणूस भीक मागतो आहे, गाणे हे निमित्त. या समजुतीचे मला खंडन करायचे आहे. तेव्हा पूर्वपक्ष दुबळा करून मांडण्यात अर्थ नाही.

त्याचे म्हणणे असे. कोणी बोलावले नसताना हा येतो. ऐकायचे नसले तरी ऐकवतो आणि मग हात पुढे करतो. मागणी नाही, बोली नाही, भाव ठरलेला नाही. मग याला व्यवसाय कसे म्हणायचे? ज्याच्या गळ्यात काही आहे त्याला मंच मिळतोच, ज्याला मिळत नाही तो रस्त्यावर येतो. वासुदेव-गोंधळ्यांची परंपरा सांगाल तर ती खेड्याची होती, शहर तिचे काही देणे लागत नाही. शिवाय आवाजाचा त्रास आहे, वाटेतला अडथळा आहे, आणि शाळेच्या वयातली मुले या धंद्याला लावली जातात हे उघड दिसते.

या मताची मराठीतली भारदस्त मांडणी शंभर वर्षांहून जुनी आहे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’त (1915) फिरस्त्यांवर स्वतंत्र प्रकरण आहे. कुणब्याच्या खळ्यावर किती जण हक्क सांगत येतात, दारोदार फिरणाऱ्यांचे किती थवे गावावर उतरतात, हे आत्र्यांनी पोटतिडकीने लिहिले. राबणारा एक आणि खाणारे दहा, हा त्यांचा संताप खरा होता. दुष्काळाच्या तोंडाशी उभ्या असलेल्या शेतकऱ्याची बाजू घेणारा माणूस दुसरे काय लिहिणार? त्या पुस्तकाबद्दल मला आदर आहे. पण आत्र्यांनी मांडलेला हिशेब धान्याचा होता. खळ्यावरून किती दाणे गेले हे त्यांनी मोजले. त्या दाण्यांच्या बदल्यात गावाला काय मिळाले हे जमेच्या बाजूला मांडलेच नाही. पुढच्या पिढ्यांनी तो अर्धा हिशेब पूर्ण समजून उचलला, आणि खेड्यातल्या फिरस्त्याला लावलेला निकष शहरातल्या गायकाला तसाच लावला.

जमेची बाजू पाहायची तर वासुदेवापाशी पाच मिनिटे थांबावे. डोक्यावर मोरपिसांची उभी टोपी, अंगात घोळदार झगा, पायात घुंगरू, हातांत टाळ आणि चिपळ्या. तो पहाटे येतो, कारण त्याचे काम गाव जागे करण्याचे. घरातून कोणी दाणे किंवा नाणे घातले की तो गिरकी घेतो आणि ‘दान पावलं’ म्हणत ते दान कोणाकोणाला पावले हे ठायीठायीच्या दैवतांची नावे घेऊन सांगू लागतो: पंढरपूरचा विठोबा, जेजुरीचा खंडोबा, तुळजापूरची भवानी, आणि मग आसपासची लहानसहान ठाणी. ही यादी तो सुरात म्हणतो, तिला लय असते, आणि उंबऱ्यावर उभ्या असलेल्या बाईला आपल्या मूठभर जोंधळ्यांची पोच साऱ्या महाराष्ट्रातून मिळते. भीक देणारा आणि घेणारा दोघेही त्या क्षणातून लवकर सुटायला बघतात. इथे देणे झाल्यानंतरच गाण्याचा सर्वांत सुंदर भाग सुरू होतो. रा. चिं. ढेरे यांनी ‘मराठी लोकसंस्कृतीचे उपासक’ या ग्रंथात अशा विधिगायकांचा धांडोळा घेतला तो एका मोठ्या धर्मव्यवहाराचे वाहक म्हणून. ज्ञानदेवांपासून एकनाथांपर्यंत संतांनी वासुदेव, पांगुळ, जोशी, गोंधळी अशी रूपे घेऊन रचना केल्या त्याही उगाच नाहीत. रस्त्यावर लोक कोणाचे ऐकतात हे त्यांना ठाऊक होते. नाथांचे पैठण तर व्यापारउदिमाचे जुने नगर होते, आडगाव नव्हे.

आता ‘भाव ठरलेला नाही’ या आक्षेपाकडे येऊ, कारण पूर्वपक्षाचा कणा तोच आहे. आधी कला, मग मोल, आणि मोल किती ते ऐकणाऱ्याने ठरवायचे, ही रीत आपल्याकडे रस्त्यावरच्या गायकाने काढलेली नाही. कीर्तनाला तिकीट नसते. पूर्वरंग, उत्तररंग होऊन आरती सुरू झाली की ताट फिरते आणि ज्याच्या मनाला जे येईल ते तो टाकतो. बुवांना बिदागी मिळते, पुढच्या गावाहून बोलावणे येते, आणि बुवा भिकारी आहेत असे म्हणण्याची कोणाची हिंमत होत नाही. तमाशात दौलतजादा होते. एका ओळीवर फिदा होऊन माणूस नोट पुढे करतो आणि ती घेतल्याचे फडावरून पुकारले जाते. सनई-चौघडेवाल्याला सुपारी ठरलेली असते, तरी वरात दारात आली की वरून ओवाळणी मिळतेच. गोंधळी तर अलुतेदारांच्या जुन्या याद्यांत येतो. गावाच्या धान्यात त्याचा हक्क होता. म्हणजे ऐकून झाल्यावर स्वखुशीने देणे हा मराठी मुलखातला कलेचा सर्वांत रुळलेला व्यवहार आहे. तिकीटबारी ही त्यामानाने अलीकडची सोय. ती आली म्हणून आधीची रीत भीक ठरत नाही. कोणी म्हणेल की कीर्तनाला लोक आपण होऊन जातात, रस्त्यावरचे गाणे अंगावर येते. खरे आहे. पण त्याची भरपाई त्या व्यवहारातच आहे: न ऐकणाऱ्याला, न आवडणाऱ्याला, खिशात सुटे नसणाऱ्याला काहीच द्यावे लागत नाही. ज्या बाजारात गिऱ्हाईक माल पुरता वापरून, पैसे न देता, मान फिरवून जाऊ शकते, तिथे विक्रेत्याने कोणावर जबरदस्ती केली असे कसे म्हणणार?

खेड्याची परंपरा आणि शहराचे नाते नाही, हा दुसरा दावा. तो इतिहासात टिकत नाही. पोवाडा आणि लावणी यांचा बहर पेशवाईच्या पुण्याभोवती फुलला. रामजोशी, अनंत फंदी, होनाजी, प्रभाकर यांच्या डफ-तुणतुण्याला पुण्याचा श्रोता लाभला. आणि मुंबईची गोष्ट तर अधिकच बोलकी आहे. एच. ए. अ‍ॅकवर्थ हा इंग्रज अधिकारी 1890च्या सुमारास मुंबईचा म्युनिसिपल कमिशनर होता. रस्त्यांवर भीक मागत फिरणाऱ्या बेघर कुष्ठरुग्णांना एका जागी ठेवण्यासाठी त्याच्या पुढाकाराने माटुंग्याला आश्रम निघाला. वडाळ्याचे अ‍ॅकवर्थ रुग्णालय ते हेच. भिकाऱ्यांपासून शहराचे रस्ते मोकळे करणे हे ज्याच्या कामाचाच भाग होते, त्याच माणसाने शंकर तुकाराम शाळिग्राम यांना हाताशी धरून पोवाडे गोळा केले आणि 1891 साली ‘इतिहासप्रसिद्ध पुरुषांचे व स्त्रियांचे पोवाडे’ हा संग्रह छापला. तीन वर्षांनी त्यातल्या निवडक पोवाड्यांचे इंग्रजी पद्यात भाषांतर केले. हे पोवाडे जिवंत होते ते गोंधळ्यांच्या गळ्यात. इतिहासकार राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड 1898चा. त्याआधी सात वर्षे अफजलखानाच्या वधाचे आणि सिंहगडाचे पोवाडे छापील रूपात आले ते झोळीवाल्या गायकांकडून. 1959चा कायदा तेव्हा असता तर ज्यांच्याकडून हा ठेवा मिळाला ते गायक चौकात सापडताच भिक्षेकरी गृहात पोचू शकले असते.

मुंबईचा पुढचा इतिहासही रस्त्यावरच गायला गेला आहे. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने 1944पासून गिरणगावच्या चाळी, मैदाने आणि गिरण्यांची फाटके हाच रंगमंच मानला. ‘माझी मैना’ ही अण्णा भाऊंची छक्कड गावी राहिलेल्या बायकोच्या विरहाने सुरू होते आणि संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीपाशी पोचते. पोटासाठी मुंबईला आलेल्या माणसाचे घर आणि राजकारण एका गाण्यात मावू शकते, हे चाळीच्या चौकात उभे राहून गाणाऱ्यालाच सुचू शकते. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मध्ये (2014) वयस्क शाहिराला त्याच्या गाण्यावरून पकडून खटला भरला जातो. तो चित्रपट पाहताना मला सतत वाटत होते की रस्त्यावरच्या गाण्याची ताकद सरकारी यंत्रणेने जितकी ओळखली आहे तितकी आपण रसिकांनी ओळखलेली नाही.

यापुढचा आक्षेप सर्वांत गंभीर आहे, आणि तो रस्त्यावर गाणाऱ्यांच्या घरांतूनच येतो. वासुदेव, गोंधळी, पोतराज, नंदीवाले ही नावे कलाप्रकारांची म्हणून घेतली जातात, पण जन्माने चिकटलेली ओळख म्हणूनही ती वावरतात. ज्याच्या बापाने अंगावर आसूड ओढून दारोदार मागितले, त्याच्या मुलाला ‘तुमची परंपरा किती सुंदर’ असे सांगणे हा उद्धटपणा आहे. डॉ. आंबेडकरांनी गावकीची लाचार कामे सोडायला सांगितली, लोकांनी ती सोडली, पोतराजांनी केस कापले, आणि ते योग्यच झाले. ‘परंपरा टिकली पाहिजे’ म्हणून कोणाच्या पोराने झोळी उचलावी असे मी कदापि म्हणणार नाही. लोकलमध्ये फरशीचे दोन तुकडे बोटांत धरून ताल वाजवणारी मुले पाहिली की त्यांच्या हातातल्या कौशल्याचे कौतुक वाटण्याआधी ती या वेळी वर्गात नाहीत याची चीड यायला हवी.

पण हा आक्षेप नीट ऐकला तर तो 1959च्या कायद्याच्या बाजूने जात नाही. सोडण्याचे स्वातंत्र्य आणि कोंडून ठेवण्याची शिक्षा या भिन्न गोष्टी आहेत. बापाला उचलून भिक्षेकरी गृहात टाकल्याने मूल शाळेत जात नाही. ते आणखी उघडे पडते. इथे सरकारची एक विसंगती दाखवलीच पाहिजे. महाराष्ट्राच्या भटक्या जमातींच्या यादीत गोंधळी, वासुदेव, चित्रकथी, बहुरूपी, नंदीवाले ही नावे आहेत. त्यांचे मागासलेपण मान्य करून शासन त्यांना दाखला देते. त्याच जमातींनी पिढ्यान् पिढ्या ज्या कामावर पोट भरले ते काम मात्र दुसऱ्या कायद्यात गुन्हा आहे. ब्रिटिशांनी 1871मध्ये काही जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले होते. तो शिक्का 1952मध्ये पुसला गेला. सात वर्षांनी मुंबई राज्याने गाणे, नाचणे आणि खेळ करणे भिकेच्या व्याख्येत घातले. शिक्का जमातीवरून व्यवसायावर सरकला, माणसे बरीचशी तीच राहिली.

आणि ज्या चळवळीने लाचारी झुगारली तिने रस्त्यावरचे गाणे झुगारले नाही, हेही लक्षात ठेवावे. भीमराव कर्डकांचे जलसे, वामनदादा कर्डकांची गाणी वस्त्यांच्या चौकांतून वाढली. 6 डिसेंबरला, आंबेडकरांच्या महापरिनिर्वाण दिनी, शिवाजी पार्कच्या परिसरात आजही पुस्तकांच्या स्टॉलच्या मध्ये पेटी-ढोलकी घेऊन गायक उभे राहतात, समोर गर्दी थांबते, लोक ऐकतात, जमेल ते देतात, गाण्यांची पुस्तिका विकत घेतात. कायद्याची व्याख्या शब्दशः लावली तर यातले बरेच काही तिच्यात बसेल. तिथे उभ्या असलेल्या कोणालाही ती भीक वाटणार नाही.

आता लोकलमधला गायक. कल्याणकडे जाणाऱ्या दुपारच्या गाडीत एक जोडपे चढते. पुढे ती, तिच्या खांद्यावर त्याचा हात. त्याच्या छातीवर पट्ट्याने अडकवलेला छोटा स्पीकर, त्यात पेन ड्राइव्ह, हातात माईक. ऐन गर्दीच्या वेळी ती दोघे चढतच नाहीत. गाडी हलली तरी तो लगेच तोंड उघडत नाही. पुढच्या स्टेशनची घोषणा संपते, खडखडाट एका लयीत येतो, मग तो सूर लावतो. मुखडा आणि एक अंतरा, तेवढ्यात ती मधल्या वाटेने डब्याच्या दुसऱ्या टोकाला पोचलेली असते. दुसरा अंतरा तो घेत नाही, कारण तोवर स्टेशन येणार असते. गुरुवार असेल तर साईबाबांचे गाणे, एरवी दुपारी रफी किंवा मुकेश, लेडीज डब्यात वेगळेच काही. डब्याची नस ओळखून गाणे निवडायचे, दोन स्टेशनांच्या मधल्या तीन-चार मिनिटांत ते बसवायचे, धावत्या गाडीत श्वास सांभाळायचा, हे कसब आहे आणि ते शिकावे लागते. त्याचा षड्ज कधी हलतो. पण दिवसभर शेकडो माणसांपुढे गाणाऱ्या या माणसाला ‘गाता येत नाही म्हणून इथे आला’ असे म्हणणाऱ्याने एक अंतरा तिथे गाऊन पाहावा.

त्याच मार्गावर सकाळच्या गाडीत भजनी मंडळ असते. ढोलकी, टाळ, झांजा, आणि साथीला डब्याच्या पत्र्यावर थाप. आवाज त्या जोडप्याच्या स्पीकरपेक्षा नक्कीच मोठा. ज्याला पेपर वाचायचा आहे त्याची परवानगी मंडळही घेत नाही. तरी त्यांना कोणी उपद्रवी भिकारी म्हणत नाही, आणि म्हणू नयेच; थकलेल्या नोकरदारांनी तासाभराच्या प्रवासात उभा केलेला तो आनंद मला या शहराचे भूषण वाटतो. पण मग फरक कशात आहे? त्यांच्या खिशात पास आहे, खांद्याला ऑफिसची बॅग आहे. वांद्र्याच्या कार्टर रोडवर गिटार घेऊन उभा राहिलेला, इंग्रजी गाणारा कॉलेजचा मुलगा पायाशी पेटी उघडी ठेवतो आणि तिच्यावर क्यूआर कोड चिकटवतो, तेव्हा लोक मोबाइल काढून चित्रीकरण करतात आणि मुंबई आता जगातल्या शहरांसारखी झाली म्हणून सुखावतात. तोही पैसे घेतो आणि न बोलावता गातो. त्याच्याविषयी माझी काही तक्रार नाही. माझी तक्रार त्या नजरेविषयी आहे, जी एकाच कृतीला कपडे आणि भाषा पाहून एकदा कला ठरवते आणि एकदा भीक.

‘खरी कला असेल तर लोक ओळखतील’ हे म्हणणे खोडताना हल्ली एक प्रयोग पुढे केला जातो. 12 जानेवारी 2007 रोजी सकाळच्या गर्दीत वॉशिंग्टनच्या एका मेट्रो स्थानकावर जगविख्यात व्हायोलिनवादक जोशुआ बेल साध्या कपड्यांत उभा राहिला. 43 मिनिटे वाजवले, हजारांवर माणसे समोरून गेली, थांबली ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि पेटीत तीसेक डॉलर पडले. त्यावर लिहिणाऱ्या जीन वाइनगार्टन यांना पुलित्झर मिळाले. लोकांना कला कळत नाही, असा निष्कर्ष त्यातून सगळीकडे काढला गेला. मला त्यातून निघतो तो निष्कर्ष वेगळा. बेल हा सभागृहाचा वादक. ऐकणारा खुर्चीत बसलेला आहे आणि तासभर उठणार नाही, हे गृहीत धरून त्याची कला घडली. कामावर निघालेल्या माणसाला पाच सेकंदांत कसे थांबवायचे, कुठल्या कोपऱ्यात उभे राहायचे, कोणत्या वेळी मुळीच उभे राहायचे नाही, हे रस्त्यावरच्या वादकाला अनुभवाने कळते. वर सांगितलेले जोडपे ऐन गर्दीत चढत नाही ते यामुळेच. त्या सकाळी एवढेच दिसले की रस्त्यावर वाजवणे ही वेगळी विद्या आहे आणि सभागृहातला थोर वादकही तिच्यात नवखा असू शकतो.

हीच चूक उलट्या दिशेने करुणेपोटी होते. 2019मध्ये पश्चिम बंगालमधल्या राणाघाट स्थानकावर गाणाऱ्या राणू मंडल यांचा व्हिडिओ देशभर फिरला, त्यांना हिंदी चित्रपटात गायला मिळाले, आणि काही महिन्यांत त्याच लोकांनी त्यांची टवाळी सुरू केली. रस्ता म्हणजे स्टुडिओबाहेरचे बाकडे, जो चांगला आहे त्याला आत बोलावले जाईल, ही कल्पना त्यामागे होती. तिच्यात उरलेल्या हजारोंना जागाच नाही. ज्याला चित्रपटात गायचे नाही, ज्याला आपल्या ठरलेल्या पुलाखाली रोज गाऊन घर चालवायचे आहे, तो या दयेच्या नजरेत नापास झालेला उमेदवार ठरतो.

आवाजाच्या तक्रारीला मी फार वेळ देणार नाही. ती जुनी आहे. गणकयंत्राचा जनक चार्ल्स बॅबेज याने लंडनच्या रस्त्यांवरच्या वाजंत्र्यांविरुद्ध वर्षानुवर्षे मोहीम चालवली आणि 1864मध्ये तिथे कायदाही झाला. घरात आजारी माणूस असताना दाराशी ढोल नको, हे म्हणणे रास्त आहे, आणि त्यासाठी आपल्याकडे 2000 सालचे ध्वनिप्रदूषण नियम आहेत: रहिवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल, शांतता क्षेत्रात त्याहून कमी, रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद. ते सर्वांना सारखे लावा. मिरवणुकीतल्या डीजेच्या भिंतींपुढे ज्या शहराचे नियम हात टेकतात त्याने तुणतुण्यावर त्यांचा धाक दाखवू नये.

शहराला रस्त्यावरच्या गाण्यातून काय मिळते, हा प्रश्न राहतो. विल्यम व्हाइट या अमेरिकन अभ्यासकाने न्यूयॉर्कच्या चौकांत कॅमेरे लावून माणसे कुठे थांबतात, कुठे बसतात याचा अभ्यास केला. त्याचे पुस्तक 1980चे. त्याला आढळले की रस्त्यावर कोणी वाजवत असेल तर शेजारी उभी असलेली दोन अनोळखी माणसे एकमेकांशी बोलू लागतात. आपल्याला हे वाचून कळायला नको. लालबाग-परळमध्ये बेंजो पार्टी सुरू झाली की चाळीच्या गॅलरीतली आजी आणि खालचा डिलिव्हरीवाला एकाच तालावर मान हलवतात. ते बेंजो म्हणजे बुलबुलतरंग. त्याचे मूळ विसाव्या शतकाच्या आरंभी जपानमध्ये निघालेल्या ताइशोगोतो या वाद्यात. गिरणगावातल्या पोरांनी त्याला विजेची जोड दिली, नाशिक ढोल आणि ताशा जोडीला घेतला आणि आपले संगीत उभे केले. ना त्याला संगीत विद्यालयाचा आधार होता, ना अकादमीचा. जपानी वाद्य मुंबईचे झाले ते रस्त्यावर.

जिथे पूर्वपक्षाने कायद्याची मदत घेतली तिथे कायदाही आता त्याच्या बाजूने पूर्णपणे उभा नाही. दिल्लीत हाच मुंबईचा कायदा लागू होता. 8 ऑगस्ट 2018 रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने भीक मागणे हा गुन्हा ठरवणाऱ्या त्यातल्या तरतुदी दिल्लीपुरत्या घटनाबाह्य ठरवल्या. महाराष्ट्रात, जिथे तो जन्मला, तो अजून लागू आहे. बाहेरच्या शहरांनीही हा प्रवास केला आहे. न्यूयॉर्कने 1936मध्ये महापौर ला गार्डिया यांच्या काळात रस्त्यावरच्या वादकांवर बंदी आणली, 1970मध्ये ती उठवली, आणि 1985पासून तिथल्या भुयारी रेल्वेनेच वादकांसाठी जागा ठरवून द्यायला सुरुवात केली. लंडनच्या भुयारी रेल्वेतही परवाना पद्धत आहे. तिथे चाचणी घेऊन निवड होते, आणि ती नक्कल आपण करू नये असे मला वाटते. परीक्षक मंडळ बसवले की गिटारवाला आत येईल आणि संबळवाला बाहेर राहील, हे आजच सांगता येते.

त्यापेक्षा जवळचा मार्ग आपल्याच कायद्यात आहे. 2014च्या पथविक्रेता अधिनियमात पथविक्रेत्याची जी व्याख्या आहे तिच्यात रस्त्यावर वस्तू विकणाऱ्याबरोबर लोकांना सेवा देणाराही येतो. गाणे ही सेवा आहे, एवढे शासनाने स्पष्ट केले तरी पुष्कळ होईल. आणि त्याआधी विधिमंडळाने 1959च्या व्याख्येतून गाणे, नाचणे, खेळ करणे आणि वस्तू विकणे यांचा उल्लेख काढून टाकावा. त्याला ना निधी लागतो, ना नवे खाते. नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के सदस्य पथविक्रेत्यांचे असावेत असे तो अधिनियम सांगतो. त्या सदस्यांत एखादा गोंधळी, एखादी लोकलमध्ये गाणारी बाई बसावी, आणि कोणत्या पुलावर, कोणत्या वेळी, किती आवाजात, हे महापालिकेने त्यांच्याशी बोलून ठरवावे.